दोरा का तुटतो?

(मनोर येथे शिवणवर्ग पाहायला आलेल्या मंडळींसमोर केलेले भाषण)



तुम्ही आज गोधड्या हातात घेऊन पाहिल्यात. मघाशी एका ताईंनी विचारलं, "एवढी छान नक्षी, मग महिन्याला इतक्या थोड्याच का होतात?" त्याचं खरं उत्तर सांगते. दोरा तुटतो म्हणून.

आमच्या बायकांच्या आज्या वाकळ हातानं शिवायच्या. सुईत हातभर दोरा ओवायचा, संपला की दुसरा. मशीनचं तसं नाही. वरचा दोरा टाक्यात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कितीतरी वेळा पुढेमागे घासला जातो. साध्या शिलाईत तो टिकतो. पण वेलबुट्टी किंवा वारली चित्रातले भरीव त्रिकोण शिवताना टाके एकमेकांना चिकटून पडतात, आणि खाली जुन्या साड्यांचे चार-पाच थर. त्यात साड्या सिंथेटिक असल्या तर सुई तापते. दोरा आधी पिंजतो, मग तुटतो.

त्रिकोणाच्या मधेच तुटला तर जोड दिसतो. मग उसवा, पुन्हा शिवा. मजुरी नगावर मिळते. उसवण्याची मिळत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं की पाड्यावर राहून शिवायचं, हा हिशेब ज्या घरात होतो, तिथे दिवसभरात किती काम उरकलं याला फार किंमत आहे.

दोरा तुटला की नवी मुलगी आधी टेन्शनचा स्क्रू पिळते. मी तिचा हात धरते. आधी सुई बदल. सुईचं टोक नखावरून हलकेच ओढलं आणि ओरखडा उठला, तर ती सुई गेली. गोधडीला 14 नंबरची, थर जास्त असतील तर 16 ची, आणि नक्षीसाठी शक्यतो मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई. मग दोरा काढून पुन्हा ओवायचा, आणि ओवताना दाबपट्टी वर हवी. ती खाली असली की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा आत बसत नाही आणि दोष मात्र मशीनला लागतो! एवढं केल्यावर टेन्शन. साध्या शिलाईला 4 वर असेल तर नक्षीला 3 किंवा त्याहून थोडं कमी. वरच्या दोऱ्याचा रंग खालच्या बाजूला जरासा दिसला तरी चालतो, उलट तेच हवं. टाके किंचित विरळ करायचे, आणि भरीव भागावर पायडल हळू. दर वेळी एकाच जागी तुटत असेल, तर सुई आपटून पट्टीच्या भोकाला चरा पडला आहे का ते बोटानं पाहायचं. बारीक पॉलिश पेपरनं तो जातो. जुन्या साड्यांचा भुगा शटलमध्ये फार साठतो. तो रोज ब्रशनं काढायचा.

रिळाचंही एक आहे. आडवातिडवा गुंडाळलेला कोन मागे पेल्यात उभा ठेवून दोरा वरून ओढायचा. सरळ गुंडाळलेलं रीळ मात्र खुंटीवर फिरू द्यायचं. उलट केलं तर दोऱ्याला पीळ चढतो.

आता तुमच्याकडे एक मागणं, रागावू नका. तुम्ही प्रेमानं दोऱ्याची जुनी रिळं पाठवता. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेला सुती दोरा ठिसूळ होतो. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. पटकन तुटला तर तो पाठवू नका, टाचणीसाठी घरीच वापरा. ओव्हरलॉकचे मोठे कोन स्वस्त मिळतात, पण तो दोरा बारीक असतो, नक्षीत टिकत नाही. त्यापेक्षा चांगल्या पॉलिस्टर भरतदोऱ्याची दोनच रिळं द्या. साड्या देताना सुती द्या, धुऊन, स्टार्च न घालता, आणि जरीचे काठ कापून. जरीवर सुई घासली की पुढचा दोरा तुटलाच समजा.

आणि सुया. 14 नंबरच्या, पाकिटातल्या. आम्ही त्या मशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो, कारण आमच्याकडच्या पावसात उघडी सुई लगेच गंजते. आता आत चला, मशीन चालू आहेत. दोरा ओवून बघायचा असेल त्यांनी चष्मा सोबत घ्या.