नकोशी मालकी आणि रीतसर त्याग

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळण्यात गेले. तेव्हा आमच्याकडून काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा कुणी करू नये. आज बोलावयाचे आहे ते एका नकोशा मालकीविषयी.

आमच्या वडिलांच्या एका कन्नड स्नेह्यांनी येथे म्हैसुरात उदबत्तीचा छोटा कारखाना काढला. खाजगी कंपनीस निदान दोन सभासद लागतात. दुसरे नाव वडिलांचे पडले. त्यांच्या पश्चात ते शेअर, म्हणजे भाग, आमच्या नावावर चढले. सरकारी नोकराने भाग बाळगू नयेत असे नाही. परंतु १९६४ च्या वर्तन नियमांतील १५ वा नियम पूर्वपरवानगीवाचून कंपनीच्या व्यवस्थापनात पडू देत नाही. धंद्यात आम्हांस गतीही नव्हती आणि रुचीही नव्हती. पण ज्यांच्या मांडीवर खेळलो त्या काकांना 'हे आम्हांस नको' असे कोणत्या तोंडाने सांगावे? आम्ही गप्प राहिलो. पुढे बदली झाली आणि वार्षिक सभेस जाणेही सुटले.

२०१७ साली काकांचे चिरंजीव आमच्या दारी आले. काका अंथरुणास खिळले होते. सभा न झाल्याने हिशेब मंजूर नव्हते आणि हिशेबांवाचून बँक कर्ज देईना. दोन सभासदांच्या कंपनीत एकट्याची सभा होत नाही. ते एवढेच म्हणाले, "अण्णा, आमच्यावर रागावलात का?" आमच्या संकोचाचा अर्थ त्या घराने राग असा केला होता! आम्ही मनाने केव्हाच सोडलेली मालकी त्यांच्या पायांत बेडी होऊन पडली होती.

मग आम्ही कायदा वाचला. भाग ही जंगम मालमत्ता खरी, परंतु जुन्या छत्रीसारखी ती कोठेही विसरून येता येत नाही. ती घेणारा कुणी हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे हस्तांतरणाचा विहित अर्ज दोघांनी सही करून, मुद्रांकासह, साठ दिवसांत कंपनीकडे द्यावा लागतो. कंपनीच्या नियमावलीत हस्तांतरणावर बंधने असतात, म्हणून ती आधी वाचावी. नात्याबाहेरच्या माणसास भाग फुकट दिले आणि त्यांची किंमत पन्नास हजारांहून अधिक भरली, तर त्यालाच प्राप्तिकर पडतो. म्हणून आम्ही रास्त मोल ठरवून ते चिरंजिवांस विकले आणि कचेरीस रीतसर कळविले.

जेथे कंपनी नसून भागीदारी आहे, तेथे अधिक सावध असावे. १९३२ च्या कायद्याप्रमाणे निवृत्त झालेल्या भागीदाराची तिऱ्हाइतांशी असलेली जबाबदारी जाहीर सूचना दिल्यावाचून संपत नाही. नोंदलेल्या पेढीच्या बाबतीत ही सूचना निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. घरात भांडून 'आजपासून माझा संबंध नाही' म्हटल्याने सावकार ऐकत नाही.

थोरांनाही हा पेच चुकला नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१८ साली भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. मतभेद होताच ते काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले आणि काही वर्षांनी त्याच कंपनीत परतले. स्वतः उभारलेल्या संस्थेतून पाय काढणे त्या कर्तबगार पुरुषासही सोपे गेले नाही. मग आपली काय कथा?

आपल्यापैकी कित्येकांची नावे गावाकडच्या भावाच्या वा मेहुण्याच्या उद्योगात कधीकाळी घातली गेली असतील. आपण दूर आहोत. कागद तेथेच पडून आहेत. ती मालकी हवी असेल तर निभवावी; नको असेल तर प्रेमाने, पण लेखी सोडावी. मौनाने नातेही टिकत नाही आणि जबाबदारीही टळत नाही.

कागद पुरे झाले त्या दिवशी आम्ही काकांना भेटावयास गेलो. त्यांनी आमचा हात हाती घेतला आणि म्हणाले, "भागीदारी संपली, आता जेवायला येत जा."

आम्ही जात असतो.