दहशत आणि दहशतवाद

(डाळज, ता. इंदापूर, जि. पुणे येथील व्याख्यानाचा मजकूर)

मराठी भाषेत ‘दहशत’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. उसाच्या फडात बिबट्या दिसला की त्याची दहशत, बाजारात कोयते घेऊन हिंडणाऱ्या टोळक्याची दहशत, सावकाराच्या वसुलीचीही दहशतच. रोजच्या बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. परंतु याच शब्दाला ‘वाद’ जोडला की अर्थ बदलतो, लागू होणारा कायदा बदलतो आणि आरोपीच्या वाट्याला येणारे परिणामही बदलतात. म्हणून गावात ज्यांच्या शब्दाला वजन असते, त्या शिक्षकांनी, पोलीस पाटलांनी व पंचायत सदस्यांनी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

पुणे शहरातील दोन घटनांवरून तो स्पष्ट होतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात तेथे दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते ओळखले जातात. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत. ओळखीच्या माणसालाही दार उघडण्यास लोक धजत नसत. गुन्हेगार कलामहाविद्यालयाचे चार विद्यार्थी होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांना येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले.

दुसरी घटना १० ऑगस्ट १९८६ ची. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य मोटार चालवीत असताना मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या प्रकरणी सुखदेवसिंग सुखा व हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यातच फाशी झाली.

पहिल्या घटनेत दहा जीव गेले, दुसऱ्या घटनेत एक. भीती पहिल्या वेळी कितीतरी अधिक पसरली. तरीही पहिले हत्याकांड हा दहशतवाद नव्हता, दुसरी हत्या मात्र होती. पहिल्या गुन्हेगारांना पैसा व ऐवज हवा होता. शहरात पसरलेली भीती हा त्यांच्या कृत्याचा परिणाम होता, हेतू नव्हे. गुन्हा लपून राहावा हीच त्यांची इच्छा होती. जनरल वैद्य यांच्याशी मारेकऱ्यांचे व्यक्तिगत वैर नव्हते. १९८४ च्या सुवर्णमंदिरातील कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते, म्हणून त्यांना मारण्यात आले. गोळी एका व्यक्तीला लागली. इशारा संपूर्ण शासनयंत्रणेला होता.

तात्पर्य, मृतांची संख्या, शस्त्राचा प्रकार किंवा क्रौर्य यांवरून दहशतवाद ठरत नाही. तो हेतूवरून ठरतो. डाळजजवळून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावर पाच जणांनी मिळून रात्री मालमोटार लुटली, तर कायद्याने तो दरोडा होय. टोळीने सातत्याने खंडणी उकळली, तर ती संघटित गुन्हेगारी. तिच्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. भावकीतील खून हा खूनच. शासनाला नमविणे किंवा जनतेत भय पसरविणे हाच हेतू असेल, तेव्हा तो दहशतवाद होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही हेतूलाच महत्त्व आहे.

हा भेद पुसला गेल्यास काय होते, हेही देशाने अनुभवले आहे. ‘टाडा’ कायदा साध्या गुन्ह्यांनाही लावला जात असल्याची तक्रार सर्वत्र होऊ लागली. १९९४ मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या कृत्याचा हेतू व आवाका सामान्य गुन्ह्याच्या पलीकडे जातो, त्यालाच हा कायदा लागू होतो. पुढील वर्षी त्या कायद्याची मुदत संपली व ती वाढविण्यात आली नाही. आजही बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखाली तपासाची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि जामीन मिळणे अतिशय कठीण असते. चुकीच्या शिक्क्याने निरपराध माणसाची उमेदीची वर्षे तुरुंगात जातात, त्याच्या संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहिले जाते आणि खऱ्या गुन्ह्याचा तपास भरकटतो.

गावातील जबाबदार व्यक्तीचे कर्तव्य त्यामुळे साधे आहे. काय घडले, केव्हा घडले, कोणी पाहिले, हे विनाविलंब पोलिसांना कळवावे. बेवारस वस्तू आढळल्यास तिला हात न लावता लोकांना दूर न्यावे. गुन्ह्याला नाव देण्याचे काम मात्र तपास अधिकारी व न्यायालय यांच्यावर सोपवावे. अफवेला चावडीवर थारा मिळू नये. कारण गावाने शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे, हेच तर दहशतवादाला हवे असते.