देवी उजव्या हाताला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या पिढीच्या लातूरकराला गाडी कुठं शिकलात असं विचारलं, तर तो हमखास गंजगोलाईचं नाव घेईल. गावाच्या मधोमध गोल बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. मला जीप चालवायला शिकवली ती आमच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेजाऱ्यांनी. हमाल आणि बैलगाड्या यायच्या आत, पहाटे साडेचारला ते मला गोलाईत घेऊन जात आणि म्हणत, "गुरुजी, लई काही ध्यानात ठेवायचं नाही. देवी उजव्या हाताला राह्यली पाहिजे. बस."

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळं चौकातल्या कुठल्याही गोलाला आपण वळसा घालतो तो मधली वस्तू उजव्या हाताला ठेवूनच. प्रदक्षिणाही तशीच. माझ्या डोक्यात ही दोन्ही कामं तेव्हापासून एकच होऊन बसली. पुढं तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि घरात गाडी चालवली. लातूर-नांदेड तर किती वेळा केलं याची गणतीच नाही. रात्री-अपरात्री कुणाला पुण्याला दवाखान्यात न्यायचं असलं, तरी भावकीत पहिला निरोप मला यायचा. सांगायचा मुद्दा असा, की गाडी ही माझी घरातली पत होती.

ही पत २०१६ साली पणाला लागली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली आणि त्याच महिन्यात आम्ही दोघं लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलो, एडिसन गावी. घागरींच्या रांगा मागं टाकून आलेल्या माणसाला तिथं अंगणातल्या हिरवळीवर पाण्याचे फवारे उडताना बघून काय वाटलं असेल ते सोडून देतो. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

लेकीचं सिझेरियन झालेलं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवायची नाही म्हणून बजावलेलं. जावयांचं ऑफिस दूर. सात वर्षांची नात, तिची शाळा दीड मैलावर. सौभाग्यवतींना पहिल्या दिवसापासून काम मिळालं. धुरी-शेक, डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाऊ-माखू. मी मात्र दिवाणखान्यात बसवलेली बॅग. लातूरच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होता. जावयांनी विम्यात माझं नाव घातलं आणि किल्ली हातात दिली.

पहिल्या दिवशी मी दार उघडून बसलो, तर समोर चाकच नाही. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो होतो. जावई माणूस सभ्य, काही बोलले नाहीत. वळायचं म्हणून दांडी दाबली, तर भर उन्हात वायपर फिरायला लागला, कारण आपल्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो आणि तिथं डाव्या. गिअर बदलायला डावा हात जायचा आणि दाराच्या खिडकीवर आपटायचा. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर बदलायचाच नव्हता, पण हाताला हे कोण सांगणार? गाडी सारखी उजव्या कडेकडे सरकायची. दोनदा चाक पदपथाच्या दगडाला घासलं. याचं कारण मला पुढं कळलं. आयुष्यभर आपण उजवीकडे बसतो आणि गाडीचं बाकी धूड आपल्या डावीकडे असतं. डावीकडे बसलं की ते उजवीकडे जातं, पण शरीर त्याचा हिशेब धरत नाही. ते आपल्या जुन्या जागेवरून रस्ता मापत राहतं.

तरी आठवड्याभरात जमलं. रस्त्यावर गाड्या असल्या की काम सोपं असतं, पुढचा जाईल तसं जायचं. चार रस्त्यांवर सिग्नल नसेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि लोक खरोखर तसं जातात. हे बघून मी पहिले काही दिवस भारावूनच गेलो होतो. न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हातानं भरायला कायद्यानं बंदी आहे, पंपावरचा माणूसच येऊन भरतो. तेवढं एक अगदी लातूरसारखं. तिसऱ्या आठवड्यात नात शाळेत, मी वाण्याकडे, जावई ऑफिसात, असं सगळं सुरळीत लागलं. मला वाटलं, झालं, शिकलो.

भूगोलाचा मास्तर असून मी तेव्हा स्वीडन विसरलो. स्वीडनमध्ये वाहनं पूर्वी आपल्यासारखी डावीकडून चालत. १९५५ साली लोकांना विचारलं, तर शंभरातल्या त्र्याऐंशी जणांनी बदल नको म्हणून सांगितलं. तरी सरकारनं तो केला. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाचच्या दहा मिनिटं आधी रस्त्यावरची सगळी वाहनं थांबवली, हळूच उजवीकडे घेतली, आणि पाचच्या ठोक्याला देश उजव्या अंगानं चालायला लागला. सगळ्यांना वाटलं होतं, आता मुडदे पडणार. उलट सुरुवातीला अपघात घटले, कारण जो तो जीव मुठीत धरून चालवत होता. पुढं लोक सरावले, निर्धास्त झाले आणि साधारण दोन वर्षांत अपघात पुन्हा पहिल्या मापावर आले.

कुठला देश कोणत्या अंगानं चालतो, हा बराचसा शेजाराचा आणि सत्तेचा खेळ आहे. आपण इंग्रजांमुळं डावीकडे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियानं १७९२ मध्येच एका रस्त्यासाठी उजवी बाजू कायद्यानं ठरवली. पुढं १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी आली, तिचं चाक डावीकडे, आणि ती लाखोंनी खपली. गोव्याची गंमत बघा. पोर्तुगालनं १९२८ मध्ये आपली वाहनं उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच ठेवला, कारण भोवती सगळा डावीकडून चालणारा मुलूख. लिस्बनचं राज्य असूनही रस्ता बेळगाव-सावंतवाडीच्या चालीनं चालला. ब्रह्मदेशानं १९७० मध्ये उजवी बाजू धरली, पण पुढं कितीतरी वर्षं तिथल्या गाड्यांची चाकं उजवीकडेच राहिली.

आणि नुसतं चालणाऱ्यालाही यातून सुटका नाही. १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री चर्चिलसाहेब न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरले, रस्ता ओलांडताना इंग्लंडच्या सवयीनं डावीकडे बघितलं आणि उजवीकडून आलेल्या मोटारीनं त्यांना उडवलं. चूक माझीच, असं त्यांनी स्वतः सांगितलं. वाचले म्हणून पुढचा इतिहास घडला.

हे सगळं मी वर्गात रंगवून सांगितलेलं. पण मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सातला मी आणि नात दूध-पाव आणायला गेलो, तेव्हा यातलं काहीही माझ्या मदतीला आलं नाही. दुकानाच्या आवारातून बाहेर पडायचं होतं. रस्ता पूर्ण मोकळा. पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही, बघून शिकावं असं कुणीच नाही. मला डावीकडे वळायचं होतं. लातूरला डावीकडे वळणं म्हणजे फुकटचं काम. रस्ता ओलांडायचा नसतो, कडेकडेनं वळलं की झालं. तिथं डावीकडे वळायचं, तर आधी जवळचा अर्धा रस्ता ओलांडून पलीकडच्या अर्ध्यात जावं लागतं. मी कडेकडेनं वळलो. अगदी सफाईनं वळलो. मागून नात दूध सांडलं तर काय होईल असलं काहीतरी विचारत होती आणि मी उत्तर देत होतो. मन इतकं स्वस्थ होतं की काय सांगू, लातूर सोडल्यापासून पहिल्यांदाच गाडी चालवताना सगळं जागच्या जागी वाटत होतं.

समोरच्या वळणावरून एक निळी गाडी आली. माझ्या नाकासमोर. माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? मला त्या गाडीचाच राग आला. हा राँग साइडनं कसा येतोय! एक क्षण मी तसाच पुढं जात राहिलो. मग नात ओरडली, "आजोबा, ही आपली बाजू नाही!" आणि माझा पाय ब्रेकवर गेला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये एक बैलगाडी उभी राहील एवढं अंतर असेल. समोर माझ्याच वयाची एक बाई होती. तिनं हॉर्न वाजवला नाही, शिवी दिली नाही. दोन्ही हात चाकावर घट्ट धरून ती नुसती माझ्याकडे बघत होती. मग हातानं मला खूण केली, आधी तुम्ही मागं घ्या. मी गाडी मागं घेतली. हात थरथरत होते.

घराशी आल्यावर नातीनं पट्टा सोडता सोडता विचारलं, "आजोबा, आईला सांगायचं का?" मी म्हटलं, "मी सांगतो." ती दिवसभर एक अक्षर बोलली नाही. माझ्याकडे मात्र अधूनमधून बघत होती.

रात्री जेवताना मी सांगितलं. कुणी रागावलं नाही, आणि तेच जड गेलं. लेक बाळाला घेऊन आत गेली. किल्ली नेहमीच्या हुकावरच होती. पण सोमवारी जावई अर्धा तास उशिरा ऑफिसला निघाले, नातीला त्यांनीच शाळेत सोडलं. मंगळवारीही. सौ. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आता. आपण इथं लेकीचं करायला आलोत, परीक्षा द्यायला नाही." तिचं खरं होतं. पण ज्या माणसाला रात्री दोनला उठवून लोक गाडी काढायला सांगत, त्याला आता दीड मैलावरचं लेकरू शाळेत सोडायचा भरवसा राहिला नव्हता. आणि तो भरवसा इतरांच्या आधी माझा मलाच राहिला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी लेक चपला घालून दारात उभी. "चला बाबा, मी बाजूला बसते." हळूहळू, पोटाला हात धरून ती बसली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "डावं-उजवं विसरून जा. चालवणारा माणूस कुठं बसतो? रस्त्याच्या मधल्या अंगाला. लातुरात पण आणि इथं पण. पिवळी रेघ तुमच्या खांद्याशी आहे का, एवढंच बघत जा."

मी एवढी वर्षं गाडी चालवली, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडे मधली रेघ उजव्या खांद्याशी, तिकडे डाव्या. बाजू बदलते, पण माणूस रेघेशेजारीच राहतो. त्या संध्याकाळी आम्ही मोकळ्या गल्ल्याच तेवढ्या शोधून काढल्या. गर्दीचे रस्ते मुद्दाम टाळले, कारण गर्दीत मला अडचण नव्हतीच. प्रत्येक वळणाला मी मोठ्यानं म्हणायचो, "उजवं लहान, डावं मोठं," कारण तिथं उजवं वळण कडेचं आणि डावं रस्ता ओलांडून. लेकीला हसू यायचं आणि टाके दुखायचे. पुढच्या सोमवारी नात मागं बसली आणि तिनंही सुरू केलं, उजवं लहान, डावं मोठं. शाळा सुटेपर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरपर्यंत, आम्ही दोघं ते म्हणत गेलो. मी कधी विसरलो, तर ती म्हणायची.

बाळाला दीड महिना झाल्यावर सगळे ब्रिजवॉटरच्या बालाजीला गेलो. वाटेत सॉमरव्हिलचा मोठा गोल लागतो, वाहनांनी कायम गजबजलेला. तिथं सगळे आपल्या उलट फिरतात, मधली जागा डाव्या हाताला ठेवून. चाकावर मी होतो. माझा जीव वर-खाली. मागून सौ. म्हणाली, "देवाला जाताना उलटी प्रदक्षिणा!" आणि मग स्वतःच, "मध्ये देव नाही म्हणा, चालतंय."

ऑगस्टमध्ये परत आलो, तर लातुरात आठवडाभर मी रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघत होतो. एका मोटारसायकलवाल्यानं उजवीकडून येऊन शर्टाची बाही चाटली, तेव्हा शुद्धीवर आलो. आणखी एक झालं. आमच्या घरापुढच्या रस्त्याला दुभाजक आहे. पेट्रोलपंप शंभर पावलांवर, पण नियमानं जायचं तर लांबून वळून यावं लागतं. त्यामुळं सगळे उलट्या बाजूनं कडेकडेनं जातात, वर समोरून येणाऱ्याला हॉर्नही तेच वाजवतात. मीही वर्षानुवर्षं तसाच गेलो होतो. आता गाडी तिकडं वळवली की दोन हात चाकावर धरून बसलेली ती बाई दिसते. मी वळसा घालून जातो. शेजारी म्हणतात, "गुरुजी अमेरिकेहून आल्यापासून पेट्रोल लई जाळायलेत."

२०१८ च्या डिसेंबरात नात सुटीला आली. झोपेचं गणित बिघडलेलं, पहाटे चारलाच टक्क जागी. तिला स्कूटरवर पुढं उभी केली आणि गोलाईत नेलं. दुकानं बंद, देवळापाशी एक दिवा, रस्त्यावर एक कुत्रं. मी वळसा घेतला तशी ती दचकली. "आजोबा, आपण उलटं फिरतोय!"

"देवी कुठल्या हाताला आहे बघ."

तिनं आधी आपले दोन्ही हात बघितले, मग देऊळ. मग ती रस्ते मोजायला लागली. पंधराच भरले. म्हणाली, एक राहिला, परत फिरवा. मी परत फिरवली.