जपानी वर्गातला दुसरा शिक्षक

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला अनेकदा दोन शिक्षक दिसतात. एक कायम नोकरीतला जपानी, दुसरा परदेशातून आलेला साहाय्यक. ही पद्धत १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेट’ कार्यक्रमाने रुजवली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. साहाय्यकाला पदवी लागते, अध्यापनाचे प्रमाणपत्र लागत नाही. करार वर्षाचा, वाढून फार तर पाच वर्षांचा. इतकी वर्षे हे चालूनही मुले इंग्रजी बोलायला कचरतात, म्हणून या साहाय्यकांना बोल लावला जातो. मला हा अन्याय वाटतो. खरी उणीव जपानी शिक्षकाला न मिळणाऱ्या वेळेची आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत कनिष्ठ माध्यमिक शाळेतला जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळला. सहभागी देशांची सरासरी ३८ च्या आसपास होती. त्या ५६ तासांत प्रत्यक्ष शिकवणे अवघे १८ तास! उरलेला बराच वेळ क्रीडामंडळे, बैठका आणि कागदपत्रे खातात. मग दोघांनी मिळून उद्याचा तास आखायचा कधी? साहाय्यक धडा मोठ्याने वाचतो आणि मुले त्याच्यामागून म्हणतात, एवढ्यावरच भागते. काही नगरपालिका साहाय्यक खासगी कंपनीकडून ठेक्याने घेतात. तिथे तर शिक्षकाने त्याला थेट सूचना देणेही कायद्यात बसत नाही. एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांशी कामाचे बोलायचे नाही, ही व्यवस्था मुलांच्या मुळावर येते.

कोणी म्हणेल, शुद्ध उच्चार कानावर पडतात, हे काय थोडे आहे? पण उच्चार ध्वनिमुद्रणातूनही ऐकवता येतात. ज्याच्याशी जपानीत बोलून भागणार नाही असे माणूस समोर असणे, ही साहाय्यकाची खरी देणगी. आणि तिचा उपयोग आधी आखलेल्या तासातच होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या कार्यक्रमाचा एक हेतू देशादेशांतली ओळख वाढवण्याचा होता. तो बऱ्याच अंशी साधला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र २०२० पासून पाचवी-सहावीलाही इंग्रजी रीतसर विषय झाला आहे, आणि तिथे तो पुष्कळदा वर्गशिक्षकच शिकवतो, ज्याने इंग्रजी शिकवण्याचे खास शिक्षण घेतलेले नसते. म्हणून साहाय्यकांची संख्या वाढवण्याआधी जपानने या शिक्षकांच्या डोक्यावरचे इतर काम उतरवावे, आणि दोघांनी मिळून तास आखण्याची वेळ शाळेच्या वेळापत्रकातच राखून ठेवावी.