घोरावडेश्वराची निःशब्द वाट



भोसरी-चाकणच्या कामगारांनी रानाविषयी काय बोलावे, असे कोणी म्हणेल. आम्ही प्रेसच्या दणदणाटात आयुष्य काढलेली माणसे. घरातही ओरडूनच बोलतो.

गेली दोन वर्षे गुरुवारच्या सुट्टीला आम्ही पाच-सहा जण बेगडेवाडी स्टेशनवर उतरतो आणि घोरावडेश्वराचा डोंगर चढतो. आधी निगडीची दुर्गा टेकडी करून पाहिली. तिथे झाडी दाट, पण ओळखीची माणसे त्याहून दाट! इथे अरण्य म्हणावे असे फारसे नाही. गवत आहे, खुरटी झाडे आहेत. नियम एकच : पायथ्यापासून लेण्यांपर्यंत कोणी बोलायचे नाही.

पहिल्या दिवशी तो दहा मिनिटेही टिकला नाही. बोनस निघाला, करार निघाला. पुढच्या खेपेस गप्प राहिलो, तर वेगळीच पंचाईत. कानांत शिट्टी वाजू लागली. यंत्रांनी दिलेली ही शिट्टी गोंगाटात कधी कळलीच नव्हती. आमच्यातील एक जण तर खाली बसून रडला. कारखान्याने त्याला 'स्वेच्छेने' घरी बसवून वर्ष झाले होते, आणि त्याविषयी तो घरात चकार शब्द बोलला नव्हता. आम्ही काही विचारले नाही. शेजारी बसून राहिलो. शिट्टी अजून आहे. पण तिच्यापलीकडचा बुलबुल आता ऐकू येतो.

एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, बाबासाहेबांचा धम्म समाजात राहण्याचा, मग तुम्ही डोंगरात का पळता? प्रश्न रास्त आहे. तथागतांना बोधी पिंपळाखाली झाली, महापरिनिर्वाण शालवृक्षांमध्ये झाले. पण मधली पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव माणसांतच चालले. आम्हीही लोकलने परत येतोच.

आणि हा डोंगर परका नाही. येथील ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याची पत्नी सियगुतनिका हिने मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. राणी नव्हे, नांगरधाऱ्याच्या घरची बाई! भिक्षूंना शांत बसता यावे म्हणून तिने खडक कोरवून दिला. जवळच देहूरोड आहे, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

ज्यांना यायचे असेल त्यांनी येत्या गुरुवारी सकाळी स्टेशनवर भेटावे. पाणी बरोबर घ्यावे. काही बोलायचे असेल ते फलाटावरच बोलून घ्यावे.