फाईल कोणाच्या हाती?

(तेलगाव, जि. बीड येथे ऊसतोड कुटुंबांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तेलगावच्या चौकातून एक वाट माजलगावला जाते, एक धारूरला, एक वडवणीमार्गे बीडला आणि एक सिरसाळ्यामार्गे परळीला. दसरा-दिवाळी सरली की याच चौकातून माणसांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. सुंदरराव सोळंके साखर कारखान्याची चिमणी इथेच उभी आहे, आणि तिच्या सावलीतली माणसे ऊस तोडायला परमुलखात जातात. परंतु आज मला ऊसदराविषयी बोलायचे नाही. त्या ट्रकमध्ये बसलेल्या भगिनीच्या दुखण्याविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका भगिनीने ट्रंकेच्या तळातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. वय जेमतेम तिशीचे. अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते, म्हणून ती दवाखान्याची पायरी चढली. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असे तिला सांगण्यात आले. चार दिवसांत पिशवी निघाली. खर्चासाठी मुकादमाकडून जादा उचल घ्यावी लागली. म्हणजे पुढचा हंगाम दवाखान्यातच विकला गेला. ती मला म्हणाली, "दादा, तुम्ही शिकलेले. यात कॅन्सर कुठं लिहिलाय, तेवढं दाखवा." मी सगळी पाने उलटली. सोनोग्राफीचा कागद होता, औषधांची बिले होती. कॅन्सर कुठेच लिहिलेला नव्हता. कॅन्सरच्या एकाही तपासणीचा कागद नव्हता.

मित्रहो, ही एकट्या भगिनीची कहाणी असती तर मी इथे उभा राहिलो नसतो. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड भगिनींची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा जणींत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. वयाचा फरक धरला तरी ही तफावत मन विषण्ण करणारी आहे.

असे का होते? सारा दोष डॉक्टरच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते सत्य नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. फडावर शौचालय नाही, कोपीत न्हाणीघर नाही, पाणी बेताचे. अशा स्थितीत मासिक पाळी हीच स्त्रीला अडचण वाटू लागते. जंतुसंसर्ग अंगावर काढला जातो. पुष्कळदा तो गोळ्यांनी बरा होणारा असतो. परंतु गोळ्यांचा कोर्स पुरा करायला आणि पुन्हा दाखवायला सवड कोठे आहे? म्हणून "एकदाच काढून टाका" असे भगिनी स्वतःच म्हणते. तिच्या या अगतिकतेला जेथे वैद्यकाने "थांब" म्हणायचे, तेथे कोणी शस्त्रक्रियेची तारीख देतो, तेव्हा सेवेचा व्यापार होतो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही निघाले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि त्याच शरीराने पुन्हा मोळी उचलायची असते.

याच जिल्ह्यात रात्री-अपरात्री दार उघडणारे, पैशांवाचून रुग्ण न परतवणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. त्यांच्या पुण्याईवरच समाजाचा विश्वास टिकून आहे. तो विश्वास दुसऱ्या कोणी बाजारात मांडावा, हे त्यांनाही सहन होता कामा नये. सहव्यवसायी चुकत असताना मौन पाळणे ही सज्जनता नव्हे.

कायदा याबाबत मुका नाही. दिल्लीच्या समीरा कोहली या रुग्ण तपासणीसाठी भुलीखाली असताना, आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अमान्य ठरवली. जाणत्या, सज्ञान स्त्रीच्या देहाबाबत संमती तिचीच. नवऱ्याची नव्हे, सासूची नव्हे, मुकादमाची तर नव्हेच! दाखल असलेल्या रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम सांगतो. रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांना २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अटही आली.

परंतु नियम कागदावर राहतो, तो जागवावा लागतो समाजाने. म्हणून माझी तीनच मागणी आहे. ट्रक निघण्यापूर्वी आणि पट्टा पडून माणसे परतल्यावर गावातच प्रत्येक भगिनीची तपासणी व्हावी. आशाताईंच्या मदतीला गावातील तरुणांनी उभे राहावे. "पिशवी काढा" असे कोणी म्हटले, तर अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय सही करू नये. आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा धरणार नाही, हे मुकादमाने उचल देतानाच लिहून द्यावे.

शेवटी माझी स्वतःची कबुली. वार्ताहर म्हणून मी रुग्णालयांच्या उद्घाटनांच्या बातम्या कितीतरी दिल्या, फीत कापतानाची छायाचित्रे छापली. आत गेलेली भगिनी काय घेऊन बाहेर आली, हे विचारायला मात्र मला फार वर्षे लागली. त्या माउलीने फाईल माझ्या हाती दिली, ती मी वाचू शकेन या विश्वासाने. आज तीच फाईल मी तुमच्या हाती देत आहे. तिच्यात काय लिहिलेले नाही, तेही नीट वाचा.