शहराची हद्द आणि गावाचा कारभार

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवालयाचा जीर्णोद्धार हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. कुणी रोख रक्कम देतो, कुणी वाळू-सिमेंटची गाडी पाठवतो, ज्याला तेही जमत नाही तो दोन दिवस पाट्या उचलतो. नोकरीनिमित्त मुंबईला गेलेला माणूससुद्धा गावाच्या नावाने पावती फाडतो. अशा मंगल प्रसंगी कारभाराचा रुक्ष विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु पुणे शहराच्या चहूबाजूंच्या गावांत पारावर बसलेली मंडळी ज्या विषयावर नेहमी बोलतात, तो विषय म्हणजे शहराची हद्दवाढ. गाव महापालिकेत गेले तर पाणी येईल का, घरपट्टी किती होईल, आणि गावाच्या देवळाचे व जत्रेचे काय होईल, असे प्रश्न माणसे विचारतात. त्यांची उत्तरे अफवांतून न घेता कायद्यातून आणि इतर गावांच्या अनुभवातून घेतलेली बरी.

प्रथम हद्दवाढ होते कशी, ते पाहू. महानगरपालिकेची हद्द बदलण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ अन्वये राज्य शासनाला आहे. शासन प्रथम प्रारूप अधिसूचना प्रसिद्ध करते, हरकती व सूचना मागवते आणि त्यांचा विचार करून अंतिम अधिसूचना काढते. ग्रामसभेने ठराव केला म्हणून गाव शहरात जात नाही, आणि विरोधाचा ठराव केला म्हणून ते बाहेर राहीलच असेही नाही. मात्र मुदतीत दिलेली लेखी हरकत दप्तरात राहते. चौकात झालेल्या घोषणा दप्तरात राहत नाहीत. हा फरक पुष्कळ गावांच्या लक्षात उशिरा येतो.

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. कोथरूड, हडपसर, येरवडा, औंध ही एके काळची स्वतंत्र गावे. तेथे नांगर चालत होते, मळ्यांतून भाजी पिकत होती. आज त्यांना कुणी खेडे म्हणणार नाही. पुढे १९९७ साली एकदम ३८ गावांचा समावेश झाला. त्यांपैकी पंधरा गावे काही वर्षांत पुन्हा वगळण्यात आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे आणि ३० जून २०२१ रोजी आणखी तेवीस गावे आत आली. शहराचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेले आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने बृहन्मुंबईहूनही मोठी झाली. कागदावर हद्द एका दिवसात वाढते. नळ, गटार आणि दवाखाना यांना तितक्या दिवसांत तेथवर पोचता येत नाही. बहुतेक गावांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

तरीही महापालिकेचा फायदा नाकारणे योग्य होणार नाही. गावाला शहर चिकटले, शेतांत इमारती उभ्या राहिल्या, पाच हजारांची वस्ती पन्नास हजारांवर गेली, तर ग्रामपंचायतीने तिला पाणी कोठून द्यावे? दोन-चार सफाई कामगार आणि एक ट्रॅक्टर यांवर रोजचा कचरा कसा उचलला जावा? सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प, मोठी जलवाहिनी, अग्निशामक बंब, शहर बससेवा ही ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेरची कामे आहेत. म्हणून नव्या सोसायट्यांत राहणारे रहिवासी बहुधा हद्दवाढीच्या बाजूचे असतात, आणि जुने शेतकरी साशंक असतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. एकाच गावात यावरून दोन तट पडू देणे मात्र शहाणपणाचे नाही.

आता गाव काय गमावते ते पाहू. समावेशाबरोबर ग्रामपंचायत संपते. सरपंच राहत नाही, ग्रामसभा राहत नाही. वित्त आयोगाचा जो निधी ग्रामपंचायतीकडे येत असे तो थांबतो. ग्रामीण भागासाठीच असलेल्या घरकुल व रोजगाराच्या योजना लागू राहत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे वर्ग होतात. सात-बारा आणि तलाठी मात्र लगेच जात नाहीत. महसुलाचे दप्तर चालूच राहते. सर्वांत मोठा बदल प्रतिनिधित्वाचा. पूर्वी दिवाबत्ती बंद पडली तर माणूस सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसत असे. शहरात हजारो मतदारांचा प्रभाग असतो, आणि २०१७ च्या पुणे निवडणुकीत तर एकेका प्रभागात चार-चार नगरसेवक होते. त्यात एका गावाचा आवाज किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. तेवीस गावांच्या वाट्याला याहून कठीण काळ आला. ग्रामपंचायती २०२१ मध्ये गेल्या, महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे २०२५ अखेरपर्यंत प्रशासकाचा कारभार राहिला. इतकी वर्षे त्या गावांना सरपंचही नव्हता आणि स्वतःचे मत देऊन निवडलेला नगरसेवकही नव्हता. भरीस भर म्हणजे पाणी-कचरा महापालिकेकडे आणि नियोजन व बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी विभागणी झाली. दोन कार्यालयांमध्ये माणसाचे हेलपाटे वाढले.

पाण्याची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ सालचे. त्याच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. त्याच धरणाच्या पायथ्याशी, सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे आहेत. ती २०२१ मध्ये शहरात आली. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ पुण्यात पसरली, तेव्हा सर्वाधिक रुग्ण याच पट्ट्यात आढळले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. त्या वेळी असे दिसून आले की नांदेड गावच्या विहिरीतून आसपासच्या वस्तीला जे पाणी जात होते, त्यावर शुद्धीकरण केंद्राची पूर्ण प्रक्रिया होत नव्हती; केवळ क्लोरिन मिसळून ते सोडले जात होते. समावेश होऊन साडेतीन वर्षे लोटली होती. धरण उशाशी असूनही शुद्ध पाणी घरात नव्हते. यात एकट्या कोणाला दोष देऊन भागणार नाही, परंतु इतर गावांनी यातून एक बोध घ्यावा. शहरात जाताना पहिला प्रश्न रस्त्याचा नको, पाण्याचा हवा.

दुसरा अनुभव उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचा. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे जाते ती याच वाटेने. या गावांच्या हद्दीत पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे येऊन पडत होता. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी पसरली, ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत गेली. वाटले होते की आता तरी सोयी होतील. झाले असे की कर वाढला आणि सोयी त्या वेगाने आल्या नाहीत. ग्रामस्थांनी वेगळ्या नगरपरिषदेची मागणी लावून धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये ही दोन्ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद असे तीन कारभार त्या गावांनी पाहिले.

असे मागेपुढे होणे फक्त पुण्यातच घडते असे नाही. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. याउलट कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली, पण भोवतालच्या गावांच्या विरोधामुळे शहराची हद्द पुढे कित्येक दशके वाढलीच नाही. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण नेमण्यात आले. म्हणजे केवळ आत गेल्याने प्रश्न सुटत नाहीत आणि केवळ बाहेर राहिल्यानेही सुटत नाहीत.

मग गावाने करावे तरी काय? चार कामे प्रत्येक गावाला आजच करता येण्यासारखी आहेत.

पहिले काम, गावच्या सार्वजनिक मिळकतींची यादी. गायरान, स्मशानभूमी, पाणवठा, विहिरी, शाळेची जागा, चावडी, जत्रेचे मैदान, पालखीची वाट. प्रत्येकीचा गट नंबर, क्षेत्र आणि उतारा एका फायलीत असावा. ग्रामपंचायतीचे दप्तर हस्तांतरित होताना जे नोंदीवर नाही ते गावाचे म्हणून पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

दुसरे काम, विकास आराखड्यावर लक्ष. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर ठरावीक मुदतीत हरकती घेता येतात. १९९७ च्या गावांत टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले आणि त्याच्या मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. नकाशात आपल्या जमिनीवर कोणता रंग पडला आहे, हे मुदत संपल्यावर कळून उपयोग नाही. गावातील शिकलेल्या मुलांनी तो नकाशा चावडीवर लावून वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा.

तिसरे काम, घरपट्टी. नव्या गावांत कर एकदम न लावता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी घराची जुनी नोंद, ग्रामपंचायतीच्या पावत्या आणि बांधकामाचे कागद जपून ठेवावेत. अनधिकृत ठरलेल्या बांधकामावर जादा आकारणी होते, आणि भाऊवाटणीत नोंद न करता बांधलेली घरे त्यात हटकून सापडतात.

चौथे काम देवस्थानाचे. गावाचा कारभार बदलला तरी नोंदणीकृत देवस्थान हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत राहते. ते महापालिकेच्या मालकीचे होत नाही. परंतु कितीतरी देवस्थानांच्या नोंदीत दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच असतात, बदल अर्ज वर्षानुवर्षे दिलेला नसतो, आणि देवळाच्या पुढील मोकळी जागा कोणाच्याच नावावर नसते. रस्ता रुंदीकरणाची रेघ आली की त्या वेळी धावपळ होते. देवालयावर कळस चढला त्याच वर्षी ही कागदपत्रेही पुरी करून घ्यावीत. तोही जीर्णोद्धाराचाच भाग होय.

शहरात गेलेल्या जुन्या गावांकडे पाहिले तर एक गोष्ट समाधान देणारी आहे. कोथरूडची शेते गेली, पण म्हातोबाचा उत्सव गेला नाही. भांबुर्ड्याचे नाव शिवाजीनगर झाले, तरी रोकडोबाचे देऊळ गावठाणात आहे. बाणेरला उंच इमारती झाल्या, तरी भैरवनाथाची यात्रा भरते. तेथे ग्रामपंचायत नाही, ग्रामसभा नाही. माणसे एकत्र बसतात ती देवळात. म्हणून ज्या गावात देवळाच्या सभामंडपात हिशेब वाचला जातो, मतभेद मिटवले जातात आणि बाहेरून येऊन राहिलेल्या नव्या रहिवाशालाही वर्गणीची पावती देऊन आपले म्हटले जाते, त्या गावाला आपले म्हणणे शहरापुढे एकमुखाने मांडता येईल. जेथे सभामंडप फक्त उत्सवापुरता उघडतो, तेथे हद्दवाढीनंतर गाव म्हणून काही मागणारा कोणी उरणार नाही.

याच सभामंडपात दरवर्षी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी गावच्या मिळकतींची आणि अडचणींची यादी मोठ्याने वाचली जावी, एवढी विनंती. ग्रामदैवत सर्वांना सद्बुद्धी, ऐक्य आणि निरोगी आयुष्य देवो, हीच प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र.